समई मधे ठेवली तेव्हा

आमच्या घरात निर्णय कुणी घेत नसे. निर्णय देवी घ्यायची, वडील फक्त विचारून यायचे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही डोंबिवलीला राहायला आलो. वडील रत्नागिरीकडचे, मुंबईच्या कचेरीत कारकून. गावाहून येताना त्यांनी दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि कौल लावायची सवय एवढंच आणलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला भातखाचरांच्या कडेने एक छोटं देऊळ होतं, तिथे त्यांची सोय झाली. काळ्या दगडाची हातभर उंचीची देवी. तिथला पुजारी इथल्याच जुन्या आगरी वस्तीतला, पण वडील त्याला गावच्या रिवाजाने गुरव म्हणत, म्हणून आम्हीही गुरवबाबा म्हणायचो. कौलाची रीत सोपी होती. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून वाट बघायची. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. संपलं. त्यावर अपील नाही.

खोली बदलायची, कौल. काकांना चार महिने ठेवून घ्यायचं, कौल. एकदा वडिलांची दाढ सुजली. गाल असा फुगला की डाव्या बाजूने बघितलं तर दुसराच माणूस वाटावा. बाजारात एक दात काढणारा बसत असे, त्याच्याकडे जाऊ का म्हणून त्यांनी कौल लावला. डावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावी. चार दिवस हा माणूस पेज पिऊन कचेरीत गेला, पण देवीचा शब्द मोडला नाही. पाचव्या दिवशी ठाण्याच्या डॉक्टरकडे जाऊ का म्हणून विचारलं, उजवी पडली, तेव्हा कुठे दाढ निघाली. आई लवंगा उगाळून उगाळून टेकीला आली होती, पण तीही म्हणायची की देवीच्या मनात काहीतरी असेल.

मला मात्र संताप यायचा. मी मुळातच तापट, आणि 'का' विचारायची खोड. दाढ दुखतेय माणसाची आणि विचारायचं दगडाला? हे मी एकदा बोलले आणि आईने लाटणं उगारलं. पण खरं कारण दाढ नव्हतंच. मला मॅट्रिकनंतर कॉलेजात जायचं होतं, सायन्सला. आमच्या नात्यात मुलगीच काय, मुलगासुद्धा सायन्सला गेलेला नव्हता. आणि मला पक्कं ठाऊक होतं की माझी वेळ आली की वडील उठणार, खांद्यावर उपरणं टाकणार आणि माझं आयुष्य तगरीच्या दोन पाकळ्यांवर चिकटवून येणार.

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांपाशी मी हे गाऱ्हाणं घातलं. मला वाटलं, ते म्हणतील की हा सगळा अडाणीपणा आहे. मास्तर तसं काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, किती वेळा उजवी पडते आणि किती वेळा डावी? मी कधी मोजलंच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढून दिली.

झालं. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी मी रोज संध्याकाळी देवळात जाऊन खांबाला टेकून बसायला लागले. मंगळवारी-शुक्रवारी कौल लावणाऱ्यांची रांग असायची. पाकळी पडली की मी वहीत खूण करायची, तारीख घालायची. बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. वडील कचेरीतून येताना देवळावरून येत, तेव्हा मला बघत. त्यांना वाटलं, पोरगी लिखित जप करतेय! त्या काळी पुष्कळ लोक वह्याच्या वह्या रामनामाने भरून काढत. मला वही घेऊन देवीपुढे मान खाली घालून बसलेलं बघितलं की वडिलांचा चेहरा असा काही मऊ व्हायचा की मला खरं सांगवेना. लबाडी म्हणा हवं तर. मी सांगितलं नाही.

दिवाळीपर्यंत खुणांवरून एक गोष्ट दिसायला लागली. उजव्या पाकळ्या डाव्यांपेक्षा कितीतरी जास्त पडत. देवी एवढी होकार देणारी असेल असं तिच्या चेहऱ्यावरून तरी वाटत नव्हतं. मग माझं लक्ष समईकडे गेलं. मोठी, पाच वातींची पितळी समई, देवीच्या उजव्या खांद्याला अगदी खेटून. म्हटलं, त्या बाजूची पाकळी उबेने आधी सुकत असेल, आणि सुकली की पडणारच. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

घरी देवी कुठून आणणार? मी आमचा पाटा उचलला, मागच्या पडवीत भिंतीला टेकवून उभा केला, दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि एका बाजूला निरांजन ठेवलं. निरांजनाकडची पाकळी आधी पडली. बाजू बदलली. तीच गंमत. मी मांडी ठोकून बसलेली, पाट्याकडे टक लावून, शेजारी वही. एवढ्यात आई आली. तिने बघितलं आणि आत गेली. आली ती हळदीकुंकवाची कुयरी घेऊनच. पाट्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पदर पसरून नमस्कार केला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगी मार्गाला लागली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर शेजारच्या काकू आलेल्या. त्यांच्या यजमानांची भुसावळला बदली झाली होती आणि ती रद्द होईल का एवढंच त्यांना विचारायचं होतं. आईने मला खुणेनेच गप्प केलं. काकूंनी गाऱ्हाणं घातलं, निरांजन उजवीकडे होतं, उजवी पडली. आणि आता काय सांगू, आठ दिवसांत ती बदली खरंच रद्द झाली. मग आमच्या पडवीतली गर्दी हटेना. पाटा पावतो म्हणून चाळीतल्या बायका दुपारच्या वेळी यायला लागल्या, कुणी ओटीचे तांदूळ घेऊन, कुणी खण घेऊन. मी ओरडून सांगत होते की हा पाटा आहे, यावर काल लसणीची चटणी वाटली आहे. कुणी ऐकेल तर शपथ. उलट, बघा कशी नम्र पोर आहे, असं मलाच ऐकवलं. सगळ्यात वाईट झालं ते स्वयंपाकघरात. देव झालेल्या दगडावर चटणी कशी वाटायची? आई रोज शेजारी जाऊन वाटण वाटून आणायची. शेवटी वडिलांनी कल्याणच्या बाजारातून नवा पाटा आणला. जुना माझ्या लग्नापर्यंत भिंतीला टेकून उभा होता, हळदीने पिवळा झालेला.

मास्तरांना मी हे सांगितलं तर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, उजवीचं कारण कळलं, आता डावी का पडते तेही शोध.

म्हणून मी वहीत समईची जागाही लिहायला लागले. आणि मग एका शुक्रवारी मला ते दिसलं. गाऱ्हाणं ऐकता ऐकता गुरवबाबा तेल घालायला म्हणून उठला, समई उचलली, आणि ठेवताना ती देवीच्या डाव्या अंगाला ठेवली. डावी पडली. पुढच्या मंगळवारी तसंच. ज्या ज्या दिवशी डावी, त्या त्या दिवशी समई डावीकडे. म्हणजे हा होकार-नकार देवीचा नाही, दैवाचासुद्धा नाही, या म्हाताऱ्याचा! माझं डोकं असं तापलं! वडिलांचा सुजलेला गाल माझ्या डोळ्यांसमोर आला. चार दिवस पेज पाजली याने माझ्या बापाला.

पण बोलणार कुणाजवळ? वडिलांना सांगायचं तर त्यांचं सगळं आयुष्यच त्या समईच्या तेलात बुडवायचं. मी तोंड शिवून अभ्यासाला लागले. वहीत समईचं चित्र मात्र काढून ठेवलं, बाण वगैरे दाखवून.

जूनमध्ये निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला आणि त्याच आठवड्यात कल्याणचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेत, घर स्वतःचं, हुंडा नको. आईला स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. मी कॉलेजचा फॉर्म वडिलांपुढे ठेवला, तो त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला. आणि मग म्हणाले की शुक्रवारी कौल लावू. उजवी पडली तर कॉलेज, डावी पडली तर कल्याण.

गुरुवारी दुपारी मी वही घेऊन देवळात गेले. गुरवबाबा उंबऱ्याशी बसून वाती वळत होता. मी सरळ सांगितलं की मला सगळं कळलंय, समई तुम्ही हलवता, माझ्याकडे लिहून ठेवलंय. मला वाटलं, तो घाबरेल, नाहीतर अंगावर येईल. त्याने वाती खाली ठेवल्या, वही मागितली, उलटीसुलटी करून बघितली. त्याला वाचता येत नव्हतं. मी त्याला खुणा समजावून दिल्या. तो लक्ष देऊन ऐकत होता, शाळेतल्या पोरासारखा. मग त्याने विचारलं,

"पोरी, पाकल्या मोजल्यास. पन मानसा काय इचारतात, त्या लिवलंस काय?"

नव्हतं लिहिलं. वर्षभर मी तिथे बसले, पाकळी, तारीख, समई, सगळं लिहिलं, आणि लोक काय विचारत होते ते एकदाही लिहिलं नाही. मला ते कामाचं वाटलंच नव्हतं.

मग त्याने सांगितलं. ती दाढ? बाजारातल्या त्या दात काढणाऱ्याच्या हातून त्याच महिन्यात दोघांचे जबडे सडले होते. ठाण्याचा चांगला डॉक्टर गावी गेला होता. तो परत आल्याचं कळलं त्या दिवशी समई उजवीकडे आली, आणि ठाण्याला जा असं वडिलांना त्यानेच सुचवलं होतं. एक बाई विचारायला यायची, मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जाऊ का. ती तीनदा आली, तीनदा डावी पडली. आता ती भाजी विकते आणि बरी आहे. तुम्ही सरळ तोंडाने का सांगत नाही, असं मी विचारलं. तो हसला. माझं कोण ऐकतो, म्हणाला.

माझा राग गेला नाही, पण थोडा ढिला पडला एवढं खरं. म्हाताऱ्याने मग अगदी सहज विचारलं की उद्या तुझ्यासाठी समई कुठे ठेवू. त्याच्या मनात काय होतं ते स्वच्छ दिसत होतं. मी नुसतं 'उजवीकडे' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं.

पण वर्षभर ज्याला लबाडी म्हटलं, तीच माझ्यासाठी करून घ्यायची? बुद्धी नासली म्हणा, मास्तरांची शिकवण म्हणा. मी म्हटलं, "मधे ठेवा. अगदी मधे."

त्याने पुन्हा वाती वळायला घेतल्या. घरी येऊन मी वहीत लिहिलं : उद्या समई मधे ठेवायला सांगितली आहे. लिहिताना फार अभिमान वाटला. रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वडील, आई आणि मी देवळात गेलो. समई देवीच्या बरोबर पुढ्यात, मधोमध. गुरवबाबाने पाकळ्या चिकटवल्या आणि माझ्याकडे एकदा शेवटचं बघितलं. मी मान हलवली नाही. वडिलांनी गाऱ्हाणं घातलं. किती वेळ गेला कोण जाणे. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. आणि मी, जी दगडाला काय विचारायचं म्हणत होते, ती मनातल्या मनात म्हणत होते, उजवी, उजवी, उजवी.

डावी पडली.

आईने सुटकेचा श्वास टाकला आणि पदराला डोळे पुसले. मला रडूसुद्धा येईना. स्वतःच्या हाताने मी हे करून घेतलं होतं. वडील हात जोडून उभेच होते. कपाळावर घाम. जन्मात या माणसाने कौल मोडला नव्हता, चार दिवस दाढेच्या कळा सोसल्या होत्या. ते दोन पावलं पुढे गेले आणि देवीशी बोलले, शेजाऱ्याशी बोलावं तसं.

"आई, तू नाही म्हणालीस, ते मी ऐकलं. पण पोरीला मी पाठवणार. काय शिक्षा करायची ती मला कर, तिला हात लावू नकोस."

गुरवबाबाच्या हातातलं तबक तसंच राहिलं. आई म्हणाली, अहो, हे काय बोलताय. वडिलांनी उपरणं झटकलं आणि चालायला लागले. दुसऱ्या दिवशी कचेरी बुडवून त्यांनी फॉर्म स्वतः नेऊन दिला.

आणि मी गेले. चार वर्षं डोंबिवली-मुंबई. कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्या वहीची कोरी पानं वापरावीत म्हणून मी ती शोधली, तर मिळाली नाही. आई म्हणाली, रद्दीत गेली असेल. घरात बाकी काही बदललं नाही. नाही म्हणायला वडिलांनी दोन गोष्टी सोडल्या. एक, कौल लावणं. देवळात रोज जायचे, नमस्कार करायचे, पण पुन्हा कधी काही विचारलं नाही. आणि दुसरी, आंबा. पित्त होतं म्हणत. रत्नागिरीच्या माणसाला आंब्याने पित्त होतं हे ऐकून मी खो खो हसले होते. गावाहून पेटी यायची, आम्ही हादडायचो, हे बाजूला बसून वरण-भात खायचे. दुसऱ्या वर्षी मला ताप आला आणि चांगला अकरा दिवस हटेना. डॉक्टर म्हणत होते काळजी करू नका, पण वडिलांचा चेहरा पांढराफटक. उशाशी बसून राहायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटलं, किती भित्रा माणूस आहे हा.

बी.एस्सी.चा निकाल जूनअखेर लागला. मी पेढे घेऊन घरी आले, देवापुढे ठेवले, पाया पडले. वडिलांनी पेढा बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, घरात आंबा आहे का. हापूस केव्हाच संपलेला. आईने कोनाड्यातून एक रायवळ काढून दिला, सुरकुतलेला, आंबटढाण. चार वर्षांनी आंबा खायचा आणि तो असला! वडिलांनी तो बाठीपर्यंत चोखून खाल्ला. हात धुतले, ट्रंक उघडली आणि तळातून माझी वही काढून माझ्या हातात दिली.

कौल मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती नेली होती. जपाची वही देवीच्या पायाशी ठेवावी, तेवढाच अपराध कमी होईल, म्हणून. वाटेत त्यांनी ती उघडली. खुणा, तारखा, समईचं बाणांसकट चित्र, सगळं वाचलं. वाचून ती देवीपाशी न ठेवता परत आणली.

"समई मधे ठेवायला लावलीस ते वाचलं मी," ते म्हणाले. "तेवढं पुरलं मला."

माझ्या शेवटच्या ओळीखाली त्यांच्या कारकुनी, गोल अक्षरात लिहिलेलं होतं. आधी प्रश्न, जो मी कधीच लिहिला नव्हता : मुलीस कॉलेजात पाठवावे काय. मग : डावी. मग : पाठवली. त्याखाली दर वर्षी, त्याच तारखेला, एकेक ओळ. पहिलं वर्ष : काही झाले नाही. दुसरं वर्ष : ताप, अकरा दिवस, उतरला. तिसरं वर्ष : काही झाले नाही. चौथ्या ओळीची जागा रिकामी होती.

म्हणजे समईचं त्यांना कौलाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी देवीची भीती गेली नव्हती. ती भीती पोटात घेऊन त्यांनी मला रोज स्टेशनवर सोडलं होतं, आणि रोज संध्याकाळी मी परत येते का ते बघितलं होतं. मी पाट्यावर पाकळ्या सुकवून स्वतःला शहाणी समजत होते. मला हुंदका आवरेना. आई विचारत होती, अगं पास झालीस ना, मग रडतेस काय.

वडिलांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. चौथी ओळ तू लिही, म्हणाले. मी लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं, ते त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, आणि आईला विचारलं, आणखी एखादा आंबा आहे का, थोडा गोड.